आक्कांच्या बोटीचं इंजिन

आक्का गेल्याचा फोन परंड्याच्या दवाखान्यातून आला, आणि त्याच्या पाठोपाठ चुलतदिरांचा. म्हणाले, "झालं ते वाईट झालं. आता ते बोटीचं इंजिन भंगारात घाला." अजून माणूस घरी आलं नव्हतं हो! "आधी आक्कांना तर येऊ द्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला. काही आठवडे लोटले, पण राग उतरलेला नाही. उतरायच्या आत हे लिहून काढते.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. धरणाचं पाणी आलं तेव्हा आमचं घर अलीकडं राहिलं आणि आक्कांच्या वाट्याचं रान पलीकडं. रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा. म्हणून थोरल्या दिरांनी मासेमारी करणाऱ्यांकडून जुनी बोट आणि तिच्या मागं लावायचं इंजिन घेतलं. ते वारले आणि इंजिन गोठ्यात पोत्याखाली गेलं. मग पलीकडं जायचं ते चुलतदिरांच्या होडीतून, त्यांच्या मर्जीनं. रानाला पेरणीजोगा वाफसा आला की त्यांना नेमकं काम निघायचं. वर पुन्हा, "कशाला जीव काढताय वैनी, रान आमाला बटईनं द्या, निम्मं पीक तुमाला." आक्कांनी ओळखलं... बोट चालली तर रान आपलं, नाहीतर बघता बघता ते भावकीचं.

त्यांनी परंड्याच्या गफूरभाईंना बोलावलं. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, वाळून तडकलेली पेट्रोलची नळी नवी घातली. तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी खुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा, आणि इंजिन असलं की ते चालू करायचंच. मशीन बोललं नाही तर पूजा कसली? आक्कांनी अंगणात लाकडी घोडीवर इंजिन बसवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दोरी ओढली. काय आवाज आला म्हणता! आम्ही हात जोडून उभ्या, तोवर पूजेला बोलावलेले गफूरभाई धावत आले. "बंद करा आक्का! पान्यावर चालतंय ते, कोरडं फिरवू नका!" उशीर झाला होता. इंजिन गार ठेवायला पाणी ओढतो, तो आतला रबरी पंखा जळून गेला होता.

भावकीला तर तमाशाच मिळाला. "बाईमाणसाच्या हातात मशीन, दुसरं काय व्हणार?" आक्का म्हणाल्या, "हसून घ्या. चुकलं तर माझंच चुकलं, आन् नीट बी मीच करीन."

सोलापूरहून नवा पंखा आणवला. या वेळी इंजिन पाण्यानं भरलेल्या पिंपात उभं केलं. मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडायला लागली, तेव्हा कुठं आक्कांनी खोचलेला पदर सोडून वारा घेतला. मनगटाला अडकवायची दोरी मात्र नव्हती. चालवणारा पाण्यात पडला तर त्या दोरीच्या हिसक्यानं इंजिन बंद पडतं. गफूरभाई म्हणाले, तिच्याबिगर बी चालतंय. आक्का ऐकतायत कसल्या! "चालू करनं सोपं हाय. येळंला बंद बी पडाय पाहिजे." दोरी आली, पाण्यात तरंगवणारी जाकिटं आली, मगच बोट पाण्यात गेली. मलाही इंजिन चालू करायची दोरी ओढायला लावायच्या. "शिकून घे. मी काय जल्माला पुरणार हाय व्हय?" मी म्हणायची, "काहीतरीच बोलता आक्का."

परवा ज्वारीच्या पेरणीला वाफसा आला. चुलतदीर काठावर उभेच होते. "कोण नेणार तुला पलीकडं?"

"माझी मी जाते. आक्कांचं रान मी पडीक पडू देणार न्हाय, आन् बटईनं बी देणार न्हाय. सांगा सगळ्या भावकीला."

जाकीट घातलं, मनगटात दोरी अडकवली. पहिल्या ओढीला नाही, दुसऱ्या ओढीला नाही. मागून कुणीतरी खुसखुसलं. मग इंजिन असं धडाडून चालू झालं की ते खुसखुसणं त्यातच बुडालं. मागं वळून धार बघितली, पडत होती. सबंध पाणी मी ताठ मानेनं ओलांडलं.

पलीकडच्या काठाला इंजिन बंद केलं आणि एकदम सगळं शांत झालं... आक्का गेल्यापासून कुणा ना कुणाशी भांडतच होते, रडायला सवड कुठं होती? तिथं बोटीत बसून पोटभर रडले. मग डोळे पुसले, बियाण्याची पिशवी खांद्यावर घेतली आणि रानात उतरले.