सावित्राबाईंचा मोळीविना दिवस

मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवत होतो, तेव्हा सावित्राबाई आठवड्यातून दोनदा आमच्या परसात जळणाची मोळी टाकत. डोंगरापलीकडच्या वाडीवरून पहाटेच निघत. मोळी उतरवली की ओझ्याखालची कापडाची चुंबळ डोक्यावर तशीच ठेवून चहा पीत. बोलणं कमी.

वाटेत राजमाची पॉइंट लागे. तिथं हवा खायला आलेली माणसं त्या तीस वर्षं येता-जाता पाहत होत्या, पण थांबल्या कधी नव्हत्या. मोळी डोक्यावर असताना थांबता येत नाही. खाली ठेवली, तर पुन्हा चढवायला दुसरं माणूस लागतं. आणि परतताना घरची कामं मागे लागलेली असत.

१९६३च्या माघात एकदा म्हणाल्या, "गुरुजी, येकडाव मोळीबिगर जायाचंय तितं. तुमी संगं येता का? एकलीला हाकलत्याल."

"घरी काय म्हणतात?"

"चिंगीचा बा हसतोय. म्हनतो, रिकाम्या डोक्यानं फिराया तू काय शेठाणी हायस?" चिंगी त्यांची लेक. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत.

रविवारी त्या आल्या. धुतलेलं लुगडं, हात मोकळे. डोक्यावर मात्र चुंबळ, निघताना सवयीनं ठेवलेली. मला ती दिसली, पण मी बोललो नाही. त्या ओशाळल्या असत्या.

पॉइंटवर मोटारीतून पुण्याचं एक कुटुंब उतरलं. त्यातल्या बाईंनी सावित्राबाईंच्या डोक्याकडे पाहिलं आणि डब्यांची टोपली पुढं केली. "ही कठड्यापर्यंत नेतेस का गं?"

सावित्राबाईंचे हात आपसूक पुढं झाले. टोपली एकदा घेतली असती, तर मग टोपलीशेजारीच बसायचं, कुणी हाक मारील तिकडं बघत. हात मध्येच थांबले. मग वर गेले. त्यांनी चुंबळ काढून काखेत धरली.

"आज न्हाई, बाय. आज म्या बगाया आलेय."

"अगं, चार पावलं तर आहेत."

"व्हय, म्हनून म्हनते. तुमालाबी जमंल."

बाईंचा नवरा हसला आणि टोपली त्यानंच उचलली.

सावित्राबाई कठड्यापाशी बसल्या. दरीतलं ऊन हळूहळू सरकत होतं. तासाभरानं मी उठलो. "निघायचं का? वाडीवर पोचायला उशीर होईल."

"तुमी व्हा फुडं, गुरुजी," दरीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "माजं बगून झालं न्हाई."