शेजारच्या भट्टीचा धूर

भाजलेले लाकूड वजनाला हलके होते. मग चुलीत ते कच्च्या लाकडापेक्षा जोराने का जळते? हा प्रश्न मला पनवेलच्या बाजारात एकदाच भेटलेल्या एका कोळसेवाल्याने दिला.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षे. त्याच्या पाट्यांत काळा कोळसा नव्हता, अर्धवट भाजलेल्या लाकडाचे तपकिरी तुकडे होते. भट्टीचा पांढरा धूर निळा झाला की कोळसा तयार होतो. याने शेजारच्या भट्टीचा निळा धूर आपला समजून आपली भट्टी लवकर विझवली होती. गिऱ्हाईक तुकडा हाती घेई आणि ठेवून देई. कोळसेवाला तो फडक्याने पुसून पुन्हा मांडी.

"लाकूड नाय, कोलसा पन नाय," तो म्हणाला. "पन पेटतं, मास्तर. समदं इकल्याबिगर घरी कसा जाऊ?"

बाजाराला आलेल्या, आमच्या घराशेजारच्या काकूंनी मला विचारले, "मास्तर, घेऊ का?"

"ठाऊक नाही. मी मात्र घेतो."

"धूर झाला तर जेवायला तुमच्याकडेच येईन हं," म्हणत त्यांनीही घेतले. मग इतरही थांबले.

पाट्या रिकाम्या झाल्यावर त्याने मला विचारले, "मंग पुढली भट्टी अशीच लवकर इझवू?"

ते ठरवायला मी घरी सारख्या वजनाचे कच्चे आणि भाजलेले लाकूड जाळले. भाजलेल्यावर पाणी आधी उकळले, धूरही कमी झाला. पण तेवढ्या वजनासाठी मुळात लाकूड जास्त लागले असणार. मग यात लाभ झाला की हानी? माझा गोंधळ कायम आहे. कृपया आपल्या चुलीवर आपणच पडताळून पाहावे.