समुद्राची राखण

धुळाप्पाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. मुरुमच्या बाजारात मेंढी घ्यायची तर आधी तिचे दात बघायचा, मग विकणाऱ्याचे. सख्ख्या जावयानं दिलेला चहासुद्धा हुंगून प्यायचा. साठ वर्षं मेंढरं राखलेला माणूस. लांडगा नेमका निवांत वेळीच येतो, एवढं एकच शास्त्र शिकलेला.

नात ज्ञानेश्वरी पोलीस भरतीच्या तयारीला लागली. पहाटे ती नळदुर्गच्या हमरस्त्याकडेनं पळायची आणि हा काठी घेऊन उभा. येणाऱ्या ट्रकवाल्याकडं असा बघायचा, की तो बिचारा न मागता हॉर्न वाजवायचा. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत गाठायचे होते. गेल्या साली चोपन्न लागले न् पोरगी यादीतून गेली. औंदा चाचणीला बारा दिवस उरले, तेवढ्यात थोरल्या नातवानं, कुमारनं, दोघांची विमानाची तिकिटं धाडली. तो अंदमानच्या एका बेटावर वीजखात्यात होता. तिकिटं परत होईनात.

"आबा, सहा दिवस बुडले तर पाय जड हुतील माझे," ज्ञानेश्वरी रडकुंडीला आली.

"मग म्या कशाला येतोय? वाट हुडकतो की."

बेटावर उतरल्या दिवशीच म्हातारा वाट हुडकायला निघाला. डांबरी रस्ता होता, पण भाड्याच्या स्कूटरी न् वळणावर वळण. "एवढी वळणं खरं बोलणाऱ्या रस्त्याला नसत्यात," म्हणाला. नारळाच्या बागेतली वाट सपाट होती. त्यानं वर बघितलं. "डोस्क्यावर धोंडे टांगून ठेवल्यात. चल माघारी." कोरड्या वाळूत पाय रुतले. "पिठात पळतीस का?"

दुपारी तीनला मात्र पाण्याकडंला ओली वाळू गावली, सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट. म्हाताऱ्यानं टाच दाबून बघितली, वाकून वासही घेतला. ज्ञानेश्वरीनं हिशेब केला: आठशे मीटर म्हणजे आबांच्या पाच फुटी काठीनं सव्वापाचशे काठ्या. एक डोळा काठीवर, एक पाण्यावर ठेवून त्यानं काळ्या खडकापासून मोजायला घेतलं. एका पडलेल्या झाडाशी माप भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दोघं गेली, तर झाड कंबरभर पाण्यात आणि वाटेचा पत्ता नाही.

"कुणीतरी पाणी सोडलं," धुळाप्पा म्हणाला.

शेजारचा चहाटपरीवाला बंगाली होता. तो हसून म्हणाला, "चाचा, रोज दो बार आता है, दो बार जाता है."

"पानी क्या नौकरी पे जाता क्या?" म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. मग नातीला हळूच म्हणाला, "आपण हितंच बसून च्या प्यावा म्हणून सांगतोय."

तरी बसला. पाण्याच्या काठाला एक खडा ठेवला. पाणी सरकलं की दुसरा. कुमार दोनदा जेवायला बोलवून गेला. म्हातारा हलला नाही. दुपार कलता कलता खड्यांची रांग लांबली आणि झाड कोरडं पडलं. दुसऱ्या दिवशी वाट पाऊण तास उशिरानं उघडली, तिसऱ्या दिवशी अजून उशिरानं. टपरीवाल्यानं हेही सांगून ठेवलं होतं. "खरं बोलला," धुळाप्पा पुटपुटला. "का बोलला असंल?"

मग रोज वाट उघडली की ज्ञानेश्वरी पळायची आणि हा पोरीकडं पाठ करून समुद्र राखायचा.

शेवटच्या संध्याकाळी घड्याळ लावून पळायचं ठरलं. म्हातारा फोन घेऊन झाडाशी उभा राहिला. पटका हलवला, बटण दाबलं. पोरगी जीव खाऊन पळाली. झाडाशी आली न् फोन बघितला: दोन मिनिटं त्रेपन्न.

ती वाळूत बसली. "न्हाय जायचं मला चाचणीला. परत त्येच हुनार."

धुळाप्पानं फोनकडं संशयानं बघितलं, मग वाळूकडं. मग, जन्मात पहिल्यांदा, स्वतःकडं. खडकापाशी गेला आणि समुद्राकडं पाठ करून, दोन्ही डोळे काठीवर ठेवून, वाट पुन्हा मोजली. लाट घोट्याला लागली तरी वळून बघितलं नाही.

"साडेपाचशे भरल्या," धापा टाकत म्हणाला. "त्या दिशी पाण्याकडं बघण्यात पंचवीस काठ्या म्या गिळल्या. तू जास्तीचं पळलीस, बये. पन्नासाच्या आत हाईस तू."

ज्ञानेश्वरीनं डोळे पुसले आणि बारीक केले. "आबा, मन राखायला सांगताव न्हवं?"

"व्हय, आन् म्हातारपणी साडेपाचशे येळा कंबर मोडून घेतो!"

"काठी द्या हिकडं."

तिनं काठी हिसकावली आणि झाडापासून स्वतः मोजत निघाली, मोठ्यानं, एकेक. धुळाप्पा लगबगीनं तिच्या न् पाण्याच्या मधून चालू लागला. पोरगी आज्याच्याही शब्दावर विसंबली नाही, ह्याचा त्याला इतका आनंद झाला, की शंभराच्या पुढं तोही तिच्याबरोबर मोजायला लागला.