पाणी येण्याआधीची बातमी

सतरा मार्चचा खर्च एकूण दोन हजार तीनशे चाळीस रुपये झाला. त्यात छायाचित्रकार, चहा, रिबीन आणि मंडपातल्या खुर्च्यांचं भाडं आलं. पाणीपुरवठा कंपनीच्या जनसंपर्क विभागाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्या बिलावर सही केली आणि त्यांना वाटलं, एवढ्यावर भागलं म्हणजे फारच स्वस्तात सुटलो.

या बाईंना वार्ताहर मंडळी पूर्वी पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही ‘खुलासाबाई’ म्हणत. तीस वर्षांपूर्वी त्या हिशेब विभागात कारकून होत्या. एकदा प्रसिद्धीचा माणूस रजेवर असताना पाणीपट्टीच्या चुकलेल्या आकड्याचा खुलासा त्यांनी लिहून दिला. पाच ओळी, बरोबर आकडा आणि शेवटी माफी. तो जसाच्या तसा छापून आला आणि बाई कायमच्या त्या टेबलाला चिकटल्या. खुर्ची दोनदा बदलली, बाई तीच राहिली. एखाद्या साहेबाने बातमी जरा गोड करून द्यायला सांगितली, की त्या म्हणत, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे.

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी त्यांच्याच विभागात उमेदवारीवर लागली. शब्द बाईंनीच टाकला होता, त्यामुळे जिवाला घोर होता. ऑफिसात मावशी म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मग घरी चुकून मॅडम निघालं तर चालेल का, असं भाचीने विचारलं, तेव्हा पोरगी टिकेल असं बाईंना वाटलं.

शिकवायला लागल्या तेव्हा त्यांनी हातचं काही राखलं नाही. बातमी नेहमी शेपटाकडून कापतात, म्हणून जे सांगायचं ते पहिल्या दोन ओळींत सांगून मोकळं व्हायचं. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘बघते’ म्हणायचं नाही. ‘माहीत नाही, सहापर्यंत सांगते’ म्हणायचं आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी सहाला फोन करायचा. वर्तमानपत्रांना पाठवायच्या नोटेच्या शेवटी कामाच्या माणसाचा नंबर द्यायचा, त्याला विचारून. पानं लागत असताना संपादकाला फोन करायचा नाही, जेवत्या माणसाच्या ताटात हात घातल्यासारखं होतं ते. आणि नोट चारच्या आत पोचली पाहिजे, त्यानंतर कोणाला वाचायला सवड नसते.

सतरा तारखेचा कार्यक्रम संध्याकाळी पाचचा होता. टेकडीवरच्या वस्तीला पहिल्यांदाच नळाने पाणी मिळणार होतं. अध्यक्ष कळ दाबणार, पंप सुरू होणार, नळ वाहणार. अशा कार्यक्रमाची नोट आदल्या दिवशीच लिहून ठेवायची त्या खात्याची पद्धत होती आणि तीही सगळं घडून गेल्यासारखी. ती भाचीने लिहिली होती. बाई मंडपाच्या गडबडीत होत्या, त्यांनी ती वाचलीही नव्हती.

पाच वाजता अध्यक्षांनी कळ दाबली. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. पंपाची झडप अडकली होती. इंजिनिअर घामाघूम होऊन खाली पळाला. बादली घेऊन पुढे बसलेली एक आजी शेजारणीला म्हणाली, "फोटो तरी आला ना ग? मग आज तोच भरून नेऊ."

मंडप हसला, बाईही हसल्या. तेवढ्यात भाची त्यांच्या कानाशी आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नोट तिने साडेतीनला तिन्ही वर्तमानपत्रांना पाठवून दिली होती.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी भाचीच्या फोनवर नोट वाचली. ‘टेकडीवर पाणी खळाळले आणि रहिवाशांच्या आनंदाला पारावार उरला नाही.’ कोरड्या नळाखाली बादली ठेवून उद्या सकाळी ही आजी हे वाचणार होती. त्यानंतर कंपनीच्या कोणत्याही कागदावर कोण विश्वास ठेवणार? आणि भाचीची उमेदवारी तर संपल्यातच जमा होती.

विभागाचे मोठे साहेब हे ऐकून म्हणाले, कशाला ओरडायचं, रात्रीत झडप सुटेल, सकाळी पाणी येईल, बातमी खरीच ठरेल.

"साहेब, पाणी येईल तेव्हा येईल," बाई म्हणाल्या. "आलं म्हणून आज सांगितलंय आपण."

साहेब अध्यक्षांना गाडीपर्यंत सोडायला निघाले. ती परवानगी समजून बाईंनी फोन लावले. दोन ठिकाणी उचलला गेला. दोघांनीही नोट काढून टाकतो म्हणून सांगितलं. एकाने टोमणा मारला की खुलासाबाईंनी आता छापण्याआधीच खुलासे सुरू केले. तिसरा वृत्तसंपादक मात्र पानं लागताना फोन टेबलाच्या खणात टाकून ठेवी. त्या वेळी त्याला फोन करू नये हे सगळ्या शहराला बाईंनीच शिकवलं होतं.

त्याला गाठायला दोघी टॅक्सीत बसल्या. बाईंची पर्स ऑफिसातच राहिली होती.

"मावशी, मला काढतील का?"

"काढेपर्यंत मॅडम म्हण."

भाची रडता रडता हसली. मग तिने सांगितलं की चारच्या आत पाठवायची हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. चूक कुठे झाली ते त्यांना आता दिसलं. लिहून ठेवलेली नोट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडायची नाही, हा नियम त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो सांगावा लागतो हेच त्या विसरल्या होत्या. कार्यक्रमाच्या दिवशी फोनवर आधी कळवून पानात जागा राखायची आणि नोट मागून द्यायची, हेही सांगायचं राहिलं होतं. पोरीला त्यांनी अर्धाच नियम दिला होता आणि पोरीने तो पुरा पाळला होता.

वृत्तसंपादक पडद्यावर पान लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही, फक्त शेजारच्या खुर्चीवरचे कागद उचलून बसायला जागा केली.

"तुमची नोट बाजूला ठेवलीय," तो म्हणाला.

"का?"

"खाली नंबर नाही. तुमचा कागद नंबराशिवाय येत नाही. आणि बाई, तीस वर्षांत तुमच्या एका नोटेत साधा आनंद नव्हता. आज एकदम पारावार?"

बाई त्या खुर्चीवर बसल्या. भाचीने कोणी न सांगता नंबर नसल्याची कान पकडून कबुली दिली. संपादकाने पाच ओळींची जागा आहे म्हटल्यावर तिने तिथेच उभ्याने नवी नोट लिहिली: झडप अडकली, पाणी आलं नाही, दुरुस्ती सुरू आहे, आल्यावर कळवू, आणि इंजिनिअरचा नंबर, त्याला फोनवर विचारून. बाईंनी वाचली. एक शब्द बदलावासा वाटला, पण बदलला नाही.

सकाळी ती छापून आली. टेकडीवरून इंजिनिअरला पुष्कळ फोन गेले, पण ऑफिसवर कोणी चालून आलं नाही. दुपारी झडप सुटली. या वेळी भाची नळापाशी जाऊन उभी राहिली, पाण्याखाली हात धरला आणि मगच तिने नोट पाठवली. अध्यक्षांनी मोठ्या साहेबांना फोन करून लोक समजूतदार आहेत म्हणून समाधान व्यक्त केलं. साहेबांनी ते समाधान आपल्या खात्यावर जमा करून घेतलं आणि भाचीची उमेदवारी पुढे चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली.

त्या रात्री बाईंना गाढ झोप लागली. बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांच्या नवऱ्याने सांगितलं, ती घोरतेय, खुलासा सकाळी मिळेल.

मंडपाचं बिल चुकतं झालं. टॅक्सीचे एकशे दहा रुपये भाचीने दिले होते, ते बाईंकडून तिला अजून यायचे आहेत.