बाबांना घरी थांबवलं ते दिवस

आमच्या गावातली जुनी अरिना, म्हणजे बर्फावरच्या हॉकीची इमारत, पाडायची की ठेवायची, यावर गेला हिवाळाभर सगळं गाव भांडत होतं. मिल्टन शहराच्या पलीकडचं आमचं गाव लहान, भांडायला विषय कमी, त्यामुळे हा सापडल्यावर सगळे त्यावर तुटून पडले. जुन्या वस्तीत घरोघरी 'अरिना वाचवा'च्या पाट्या लागल्या होत्या, आणि नव्या घरांच्या सबडिव्हिजनमधल्या आईबापांना मुलांच्या हॉकीसाठी बर्फाच्या दोन रिंकची नवीकोरी इमारत हवी होती. माझे सासरे, आमचे बाबा, वाचवणाऱ्यांत होते. मी कुठे होते ते मी घरात बोलत नव्हते, कारण त्या अरिनाचं छत तपासणारी इंजिनिअर मीच होते.

बाबा नागपूरचे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं, आणि पहिला हिवाळा त्यांनी बेसमेंटचा जिना चढण्या-उतरण्यात काढला. मग कळलं की सकाळच्या वेळी अरिनाच्या वरच्या गॅलरीत म्हाताऱ्या माणसांना फुकट चालू देतात. तिथे त्यांना एक सरदारजी भेटले, जन्मभर ट्रक चालवलेले. दोघांचं हिंदी एकमेकांना पुरून उरायचं. आणि एक गोरी आजी होती, लहानपणी त्याच बर्फावर स्केटिंग शिकलेली. तिघं मिळून दहा फेऱ्या मारायचे, मग मशीनची भिकार कॉफी प्यायचे आणि जगाला नावं ठेवायचे. बाबा परत माणसात आले. मला त्या इमारतीचे उपकार वाटायचे, हे आधीच सांगून टाकते.

अरिना पाडणार असं ऐकलं त्या दिवशी बाबांनी कागद मागितला. नागपुरात त्यांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर हेच केलं होतं. वस्तीत नळ हवा, द्या निवेदन. वाचनालयाची जागा कुणी बळकावली, द्या निवेदन. "सार्वजनिक जागा एकदा गेली का परत भेटत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आंबेडकर असोसिएशनच्या कार्यक्रमात, गुरुद्वाऱ्यात, ग्रोसरीच्या दाराशी थंडीत उभं राहून त्यांनी सह्या गोळा केल्या. इंग्रजी तोडकंमोडकं, पण सही घेतल्याशिवाय माणसाला सोडायचे नाहीत.

छत मी नोव्हेंबरात तपासलं. मोठ्या लाकडी कमानींवर ते उभं आहे, आणि वरून त्या कमानी आजही देखण्या दिसतात. मी त्यांच्या पायाशी गेले, भिंतीलगतची फळी काढली आणि सळई टोचली. ती लोण्यात जावी तशी आत गेली. एक नाही, ओळीने चार कमानींचे पाय आतून कुजलेले होते. रिपोर्टमध्ये लिहिलं की दुरुस्ती शक्य आहे, पण ती होईपर्यंत छतावर फूटभर बर्फ साचला की इमारत बंद ठेवावी. टाऊनने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, रिपोर्ट घेतला, बर्फावर लक्ष ठेवू म्हणाले, आणि कौन्सिलसमोर येईपर्यंत तो गोपनीय आहे अशी आठवणही दिली. आमच्या धंद्यात यात वावगं काही नाही. मी घरी येऊन भाजी चिरायला घेतली.

डिसेंबरात एका सकाळी उठले तर ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ. नवरा फावड्याने बर्फ सारून ट्रेन पकडायला गेला होता आणि बाबा दाराशी बूट चढवत होते.

"बाबा, आज नका जाऊ," मी म्हणाले. "फर्नेसवाला येणारे. मला ऑफिसची मीटिंग आहे, घरी कुणीतरी पाहिजे."

"अन् फर्नेसला काय झालं?"

"आवाज करतोय."

घर गरम ठेवणाऱ्या त्या फर्नेसला काही झालं नव्हतं. बाबा दिवसभर खिडकीशी बसले. येणाऱ्या माणसासाठी त्यांनी चहा टाकून ठेवला, दोनदा गरम केला. मी वर बंद दाराआड अरिनात फोन लावला. चालू आहे का? चालू आहे, पलीकडची मुलगी म्हणाली, छत बघायला कुणीतरी येणार आहे. मी आमच्या फर्मच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आपण लिहून दिलंय. बिल्डिंग त्यांची, निर्णय त्यांचा." मी टाऊनला एक ईमेल केला, शब्द जपून जपून वापरले. दुपारी उत्तर आलं, नोंद घेतली आहे. छत उभं राहिलं. मला इतकं हायसं वाटलं की मी विषय तिथेच सोडला.

असं तीनदा झालं. दुसऱ्यांदा मी त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट त्याच सकाळची घेतली. तिसऱ्यांदा काहीच सुचेना, तर सरळ म्हणाले, रस्ते घसरडे आहेत, पडाल. बाबांचा चेहरा उतरला. रात्री त्यांनी मुलाला विचारलं, "तिला माझं बाहेर जाणं आवडत नाही काय?" नवऱ्याने मला विचारलं. मी त्याच्यावरच उखडले. खरं सांगायची सोय नव्हती आणि खोटं पुरत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी बाबांनी त्यांचं इंग्रजी निवेदन माझ्यासमोर ठेवलं. कौन्सिलपुढे पाच मिनिटं बोलायला त्यांनी नाव नोंदवलं होतं. "जरा पाहून दे, बेटा. चुका असतील." मी पेन घेऊन बसले. चुका थोड्याच होत्या. मधे एक वाक्य होतं की या छताखाली आम्ही म्हातारी माणसं सुरक्षित असतो. मी ते खोडलं.

"हे काहून काढलं?"

"पाच मिनिटांत बसत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद उचलला आणि खाली गेले. बेसमेंटमधून मोठ्याने वाचल्याचा आवाज येऊ लागला. ते वाक्य त्यांनी परत घातलं होतं.

कौन्सिलची बैठक सोमवारी होती. शुक्रवारी कार्यक्रमपत्रिका वेबसाइटवर आली, आणि तिला जोडून माझा रिपोर्ट, माझ्या नावानिशी आणि शिक्क्यानिशी. येणार हे मला माहीत होतं. तरी मी आठवडाभर आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. बाबांनी शब्दकोश घेऊन तो अथपासून इतिपर्यंत वाचला. रविवारी सकाळी मी किचनमध्ये आले तेव्हा टॅब्लेट टेबलावर उघडा होता आणि पहिल्या पानावरच्या तारखेवर त्यांचं बोट होतं.

"नोव्हेंबर," ते म्हणाले. "अन् तो फर्नेसवाला डिसेंबरात येणार होता."

मी कॉफीचं मशीन चालू केलं.

"मला सांगायची परवानगी नव्हती, बाबा. आणि टाऊन बर्फावर लक्ष ठेवणार होतं. तसं लिहून दिलंय त्यांनी."

"तुझा त्यांच्यावर भरवसा होता?"

"होता."

"मग मला काहून थांबवलं?"

ते ओरडले असते तर मी भांडले असते, भांडायला मला फारसा वेळ लागत नाही. पण ते हळू आवाजात म्हणाले, "सरदारजी त्या दिवशीही चालायला गेले होते. संध्याकाळी फोनवर मला हसले, की सूनबाईने घरी बसवलं म्हणून." मग त्यांनी सरदारजींना फोन लावला आणि हिंदीत सांगितलं, कल से वहाँ मत जाना, मैं बताता हूँ क्यों. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लोकांवर कितीदा वापरली असेल. त्या सकाळी ती मला पुरेपूर लागू पडली आणि मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. प्रश्न आले तर उत्तरं द्यायला मी कडेच्या खुर्चीवर बसले होते, बाबा समोरच्या रांगेत त्यांच्या मंडळींसोबत. आम्ही एकाच गाडीतून आलो होतो, ते मागच्या सीटवर बसून. त्यांचं नाव पुकारलं. ते माइकशी गेले, सह्यांचा गठ्ठा क्लार्ककडे दिला, निवेदनाचा कागद उघडला आणि परत घडी केला.

"ही इमारत ठेवा," ते इंग्रजीत सावकाश म्हणाले. "दुरुस्त करा आणि ठेवा. पण उद्यापासून बंद करा. तुमची इंजिनिअर माझी सून आहे. तिने मला तीन दिवस घरी थांबवलं. का, ते तिला विचारा."

चार मिनिटं शिल्लक होती. ते जाऊन बसले.

मेयरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेब शेजारीच होते, त्यांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. मी उठले. सांगितलं की त्या तिन्ही दिवशी छतावर मी लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बर्फ असणार असं मला वाटत होतं. अरिना उघडी आहे हे मला माहीत होतं. मी एक फोन केला, एक ईमेल केला आणि माझ्या माणसाला घरी ठेवलं. बाकीच्यांना सांगितलं नाही.

कौन्सिलने अरिना दुसऱ्या दिवसापासून बंद केली. पाडायची की ठेवायची हा प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला, आणि भांडण अजून चालू आहे. बाबा सरदारजींना धरून बाहेर निघाले. मी फायली गोळा करत होते तेव्हा ती गोरी आजी माझ्यापाशी आली. तिने मला तारखा विचारल्या. मी तिन्ही सांगितल्या. मधली तिने परत विचारून घेतली.

"त्या दिवशी शाळेला सुट्टी होती," ती म्हणाली. "मी नातीला सोबत नेलं होतं."

मग ती आपला कोट शोधायला गेली.