देवजींचं नाणं आणि मालतीबाईंची ठेव

घणसोली गावातले देवजी तरुण होते तेव्हा नवं शहर वसवण्यासाठी सरकारनं जमिनी घेतल्या. त्यांच्या वडिलांचं मिठागर गेलं, भातशेतीही गेली. मोबदल्याचे पैसे वडिलांनी बँकेत ठेवले आणि मुदत संपली की पावती नवी करत राहिले. "सरकारचा पैसा हाय, कुठं जातोय?" असं ते म्हणायचे. पैसा कुठं गेला नाहीच. पण ज्या रकमेत एके काळी हमरस्त्यालगतचा प्लॉट आला असता, तिच्यात म्हातारपणी त्यांच्याच दवाखान्याचं बिलसुद्धा भागलं नाही.

देवजी महाप्याला रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. वडिलांचं तेरावं झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "नोट म्हंजे बर्फ. पेटीत नीट ठेवला तरी पानीच व्हतंय."

मालतीबाई नाक्यावर सुकी मासळी विकायच्या. रोज उकिडवं बसून त्यांचे गुडघे झिजले होते. सुटतील ते पैसे त्या पोस्टात टाकत, दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. नवऱ्याचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि पोस्टात जाणं चालूच ठेवलं.

देवजी निवृत्त झाले आणि फंडाची रक्कम हातात आली. त्यांचा भाचा दिपेश आयटी कंपनीत होता. तो मोबाईल उघडून बसला. "मामा, रुपया कितीही छापता येतो. ही क्रिप्टो कॉइन, म्हणजे मोबाईलवरचं डिजिटल नाणं, ठरलेल्या संख्येच्या वर कधीच निघणार नाही. म्हणून ती टिकते."

हे देवजींच्या काळजाला भिडलं. जवळजवळ सगळा फंड त्यांनी एका कंपनीच्या अ‍ॅपवरून कॉइनमध्ये घातला; कॉइन त्या कंपनीकडेच जमा राहिली.

मालतीबाई म्हणाल्या, "दिसत नाय, हातात येत नाय, तो पैसा कसला?"

"पोस्टातला तरी तुला कुठं दिसतोय?"

पुढच्याच वर्षी भाव निम्म्याहून खाली आला. दिपेशनं आपलं सगळं तोट्यात विकलं आणि लाजेनं मामाकडे येणंच सोडलं. देवजींनी विकलं नाही. जेवण कमी झालं, चिडचिड वाढली, पण ते धरून बसले. हळूहळू भाव परत चढला, घेतल्या किमतीच्याही पुढे गेला. तोवर मालतीबाई घराच्या पायऱ्या बसूनच उतरू लागल्या होत्या. वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबू नका.

"गणपती होऊ दे," देवजी म्हणाले. "भाव चढतोय. मग विकू, दोनी गुडघे एकदम करू. तुझं पोस्टातलं राहू दे."

गणपतीआधीच एका सकाळी अ‍ॅपवर सूचना आली. कंपनीकडची कॉइन कोणीतरी चोरली होती, पैसे काढणं बंद झालं होतं. देवजी अ‍ॅपवरचा पत्ता शोधत बेलापूरच्या एका टॉवरमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, "काका, ते कंपनीवाले इथे फक्त एक टेबल भाड्यानं घ्यायचे. आता नाही येत."

"मग मी विचारू कोनाला?"

"ईमेल टाका ना."

ते तिथंच खुर्चीवर बसले. मुलीनं पाणी आणून दिलं, ते पिऊन देवजी घरी आले.

खरी होरपळ त्यानंतर सुरू झाली. भाव पडला असता तर देवजींनी एकदाचं रडून घेतलं असतं. पण भाव वाढतच गेला. टीव्हीवर उच्चांकाच्या बातम्या यायच्या, मोबाईलवर त्यांच्या नावापुढचा हिरवा आकडा फुगत जायचा. त्यातून औषधाची एक गोळीसुद्धा विकत घेता येत नव्हती. किंमत टिकण्याबद्दल दिपेश बोलला ते खोटं नव्हतं. ती टिकली होती, फक्त देवजींसाठी नाही.

शेवटी मालतीबाईंनी पोस्टातली ठेव काढली. व्याज धरूनही ती एका गुडघ्यापुरतीच निघाली. त्या साठवत होत्या त्या काळात ऑपरेशनचा खर्च त्यांच्या पुढं धावत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठला आधी करायचा?"

"दोनी सारकेच दुखतान," मालतीबाई म्हणाल्या. देवजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

उजवा गुडघा झाला. तो पाय सरळ झाला, डावा वाकडाच राहिला, आणि चालताना सगळा तोल कमरेवर येऊ लागला. काही महिन्यांत कंबरही धरली. मासळीचा धंदा सुटला. त्यांनी नवऱ्याला कधी बोल लावला नाही. लावला असता तर देवजींना बरं वाटलं असतं.

आता साठी उलटल्यावर देवजी महाप्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. पगार बँकेत जमा होतो. मध्यंतरी दिपेश बऱ्याच दिवसांनी आला, अवघडून बसला, म्हणाला, "मामा, मामीच्या दुसऱ्या गुडघ्यासाठी थोडं बाजूला टाकताय ना?"

"टाकीन," देवजी म्हणाले. "पन कुठं टाकू, ते सांग."

दिपेशनं हातातला मोबाईल खिशात घातला. आत मालतीबाई भिंतीला धरून चहा ठेवायला उठत होत्या.