अनिश्चित स्वभावाची गाठ

एखादी फाइल उघडली की ताई चष्मा काढायची आणि पडद्यावर तळहात टेकवायची. मग म्हणायची, "पेशंट वाचंल." नाहीतर नुसतंच "च्च." आणि मुकाट्याने कोड टाकायची.

पनवेलजवळ खांदा कॉलनीत एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा, हे काम. ताई उरणकडच्या कोळ्यांची, आधी पोटविकाराच्या वॉर्डात नर्स होती, म्हणून पोटाच्या फायली तिच्याकडे. बुधवारी डब्यात जवळ्याची चटणी आणायची आणि दिवसभर एसीत तोच वास. मॅनेजर नाक मुरडायचा, पण डबा उघडला की पहिला हात त्याचाच!

मी नवीन असताना एक चूक हटकून करायचे. गाठीची बायोप्सी झालीय, रिपोर्ट यायचाय, की मी ठोकून द्यायचे, 'स्वभाव अनिश्चित' असा कोड. ताई पाठीत धपाटा घालायची.

"अगं बये, अनिश्चित कवा? डॉक्टरनं गाठीचा तुकडा काचेखाली बगितला, आनि त्यालाबी सांगता नाय आलं गाठ साधी हाय का कॅन्सरची, तवा. इथं तर कुनी बगितलंच नाय!"

आठवड्यात तीन धपाटे खाल्ले, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

खरोखरची अनिश्चित गाठ आली, की मात्र तिचा हात पडद्यावर जायचा. काही महिन्यांनी त्याच पेशंटची पुढची फाइल यायची आणि गाठीचं काय झालं ते कळायचं. मी चोरून वहीच्या मागे टिपायला लागले. ताईचं एकही चुकलं नाही. तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हणत होते, पण बाराव्या फाइलीनंतर मला तिच्या शेजारी एकटीने बसवेना.

"घाबरतंस काय?" ती हसायची. "बाबाला जाळं वर यायच्या आधी दोरीवरनं कळायचं आत काय हाय. तसंच ते."

तिला त्यात काही विशेष वाटत नसे, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

मग ताईचंच पोट दुखायला लागलं. पनवेलला एका डॉक्टरांच्या एंडोस्कोपी लॅबमध्ये दुर्बीण घालून तपासलं, आतड्यात गाठ दिसली, तुकडा काढून घेतला. पंधरा दिवसांनी मी विचारलं, "ताई, रिपोर्ट काय आला?"

"आनला नाय."

"म्हणजे?"

तिने चष्मा काढला. पोटावर तळहात ठेवला. "च्च," म्हणाली. "कशाला आनायचा? कळलं मला."

तिच्या पाठीत धपाटा घालायची ती वेळ होती. मी मात्र मान खाली घातली. ऑफिसात सगळ्यांनी तेच केलं. मॅनेजरने रजा मंजूर केली. "चल ताई, मी येते तुझ्याबरोबर," एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही. का, तर ताई कधी चुकत नव्हती! अजून आठवलं की स्वतःची लाज वाटते.

तिच्या फायली माझ्याकडे आल्या. नारळी पौर्णिमेच्या आधी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर तिचा भाऊ लॅबची पावती घेऊन ऑफिसात आला. "मॅडम, तिला झालं काय हुतं, तेवढं तरी आमाला सांगा," म्हणाला. मी लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने खणातून पाकीट काढलं, वरची धूळ पुसली. रिपोर्ट तपासणीनंतर चारच दिवसांनी तयार झाला होता.

उभ्या उभ्याच वाचला. गाठ लहान. स्वभाव अनिश्चित. खाली लिहिलं होतं, पूर्ण काढून पुन्हा तपासणे आवश्यक.

काचेखाली बघणाऱ्याला सांगता आलं नव्हतं. तिच्या हाताला खरंच कळलं होतं, की आम्ही सगळ्यांनी मिळून ते खरं होऊ दिलं? मला आजही सांगता येत नाही.

"जरा उशीरच केलात," मुलगी म्हणाली. "पण सोमवारी डॉक्टर आहेत. पेशंटला घेऊन या. नाव लिहू?"

आणि मला काय झालं होतं कोण जाणे, मी ताईचं नाव सांगितलं आणि सकाळी अकराची वेळ घेतली.